खोकला कुणाचा?

दिवाळीच्या अंकात रोगराईचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी औषधाची बाटली आणून ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. एका हातात करंजी धरून दुसऱ्या हाताने अंक उघडणाऱ्या वाचकाला कथा हवी असते, कविता हवी असते, फार तर एखादे प्रवासवर्णन. परंतु आपला हा सण सुरू होतो तो मुळी आंघोळीनेच. पहाटेच्या काळोखात तेल, उटणे, कढत पाणी, आणि आंघोळ न करणारा नरकात जातो असा वडिलधाऱ्यांचा धाक! वर्षातून एक दिवस का होईना, अंग घासून घेणे आपण पुण्याच्या सदरात टाकले आहे. तेव्हा आजाराविषयी आणि आजाऱ्याविषयी चार शब्द बोलायला याहून बरा मुहूर्त मला सापडणार नाही.

शिवाय माझा धंदाच तसा आहे. कादंबऱ्या लिहिते त्या रात्री. दिवसा मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात शाळा शिकवते. मी मॅट्रिक झालेली बाई. नीतिशास्त्राचे ग्रंथ माझ्या वाचनात नाहीत. पण चाळीस मुले एका खोलीत बसली, की नीतिशास्त्र तुम्हाला ग्रंथात शोधावे लागत नाही. ते तिसऱ्या रांगेतून खोकते. चाळीस मुले सकाळपासून दुपारपर्यंत एकच हवा आत घेतात आणि बाहेर सोडतात. एकाने चावलेली पेन्सिल दुसरा चावतो. एकीच्या डोक्यातली ऊ संध्याकाळपर्यंत चौघींच्या डोक्यांत बिऱ्हाड करते. अशा ठिकाणी 'खोकला कुणाचा?' या प्रश्नाला 'ज्याला येतो त्याचा' हे उत्तर पुरत नाही. तो जसा त्या पोराचा आहे, तसाच बाकीच्या एकोणचाळिसांचाही आहे. आणि दोघांचे हित एकच असेल अशी सोय देवाने केलेली नाही. खरा पेच आहे तो तिथे.

आमच्याकडे वर्षाकाठी पूर्ण हजेरीचे बक्षीस देतात. एकही दिवस न चुकवलेल्या मुलाला एक कंपासपेटी, टाळ्या आणि गावच्या पुढाऱ्याचा हात डोक्यावर. मी पुष्कळ वर्षे हा सोहळा पाहत आले. त्या मुलाच्या चिकाटीचे कौतुक मलाही वाटते. तरी टाळ्या वाजवताना मनात एक खवचट शंका येतेच : वर्षाच्या दोनशे-सव्वादोनशे दिवसांत या पोराला एकदाही ताप आला नसेल काय? आला असेल, तर तो घेऊनच तो शाळेत बसला असणार. आणि मग ज्या गुणाला आपण कंपासपेटी दिली, त्या गुणाने आणखी किती पोरांना अंथरुणाला खिळवले, याचा हिशेब कुणी ठेवला? एकदा शिक्षकांच्या बैठकीत हे बक्षीस बंद करावे असा विषय निघाला होता. एक आई तिथे काही कामासाठी आली होती. ती दारातूनच म्हणाली, "बाई, माझ्या पोरीला लिहाया-वाचाया जमत न्हाई. येणं तेवढं जमतंय. तेवढं तरी ठिवा." या वाक्याला उत्तर मला आजही सापडलेले नाही, आणि बक्षीसही अजून चालू आहे.

एका नासक्या आंब्याने सगळी अढी नासते, ही म्हण आम्ही शिक्षक लोक फार वापरतो. बहुधा ती वाह्यात पोरांसाठी असते, पण साथीच्या दिवसांत ती आजारी पोरांनाही लावली जाते. "त्याला आधी घरी पाठवा." मला ही म्हण मुलांच्या बाबतीत कधीच पटली नाही. अढी घालणाऱ्याला आंबा उकिरड्यावर फेकता येतो, आणि फेकल्यावर त्या आंब्याचे काय झाले हा प्रश्न त्याला पडत नाही. मूल कुठे फेकणार? शाळेच्या फाटकाबाहेर गेलेले मूल कुठेतरी जातेच. ते कुठे जाते, हे न विचारता त्याला बाहेर काढणे म्हणजे अढी राखणे असेल, पण शाळा राखणे नव्हे.

बरे, ते नासके कोण, हे तरी आपल्याला वेळेवर कळते का? गोवराचेच घ्या. अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते मूल दुसऱ्यांना गोवर देत असते. त्या चार दिवसांत असते ते नुसते पडसे, थोडा ताप, लाल डोळे. शाळेत असे डोळे दहा पोरांचे असतात. कांजिण्या फोड दिसण्याआधी एक-दोन दिवस वाटल्या जातात. म्हणजे आपण ज्या क्षणी बोट दाखवून 'हा बघा' म्हणतो, त्या क्षणी खेळ पुष्कळसा होऊन गेलेला असतो. उत्तर अटलांटिक महासागरात फेरो नावाची बेटे आहेत. तिथे १८४६ साली गोवराची साथ आली आणि आठएक हजार वस्तीपैकी सहा हजारांवर माणसे आजारी पडली. पानुम नावाच्या एका तरुण डॅनिश डॉक्टराने गावोगाव होडीने फिरून, कोण कुणाला कधी भेटले आणि पुरळ कधी उठले, याचे दिवस मोजले. लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात, हे त्याने त्या मोजणीतून दाखवून दिले. पासष्ट वर्षांपूर्वीच्या साथीत ज्या म्हाताऱ्यांना गोवर येऊन गेला होता, त्यांना तो पुन्हा झाला नाही, हेही त्यालाच दिसले. मला या हकीकतीत आवडतो तो त्याचा स्वभाव. 'कुणी आणला?' असे तो दटावून विचारत नाही, 'कधी भेटलात?' असे विचारतो. वर्गात साथ आली की पोरे पहिला प्रश्न विचारतात तो 'कुणी आणली?' हाच. आणि उत्तर म्हणून नेहमी एकाच वस्तीकडे बोट जाते.

या बाबतीत आमच्या आज्या अधिक सुसंस्कृत होत्या, असे म्हणावेसे वाटते. घरात गोवर-कांजिण्या आल्या की त्या दाराला कडुनिंबाची डहाळी लावत. देवी तर साक्षात घरी आलेली. तिला आल्याबद्दल शिवी कोण देणार? देवीच्या रोगाचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली तो रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले. त्या काळच्या समजुतींनी औषधपाणी अडवले, लस टोचून घ्यायला लोक भ्यायले, आणि त्यापायी किती जीव गेले हे मी विसरत नाही. समजूत खोटीच होती. पण ती डहाळी पाहा! येणाऱ्याला ती सांगे, 'जरा थांबा, आत आजारी आहे'. आणि आजाऱ्याला ती सांगे, 'तुझा काही अपराध नाही.' एकाच डहाळीत दोन्ही निरोप. आजच्या आमच्या परिपत्रकांत पहिला निरोप बिनचूक असतो. दुसरा कुठे दिसत नाही.

दुसरीकडे आपल्याच घरात एक दुसरी परंपरा आहे, आणि तिच्यामुळे मराठी शिक्षकाला 'दूर बस' हे दोन शब्द फार जपून वापरावे लागतात. आज आपण 'संसर्ग' हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकात शिकवतो. जुन्या धर्मशास्त्रात मात्र संसर्ग हे पाप होते. महापातक्यांची जी यादी आहे, तिच्यात चौघांच्या मागे पाचवा येतो तो त्यांच्याशी संसर्ग ठेवणारा. म्हणजे शब्द जुनाच, आशय नवा. आणि घर बदलले तरी जुन्या भाडेकरूचे सामान अजून माळ्यावर पडलेले आहे. साताऱ्याच्या शाळेत बाळ भीमरावाला बसायला घरून तरट न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने येऊन नळ सोडायचा, तेव्हा पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळभर पाणी उचलले. त्या ओंजळीमागे ती शाळेतली तहानही असणार, असे मला आपले वाटते.

आता माझ्या शाळेतली गोष्ट. पावसाळ्यात जुलाबाची साथ येते. पोरे पेला बुडवून पाणी घेतात, बोटे रांजणात जातात आणि दुखणे पसरते. म्हणून आम्ही लांब दांड्याचे ओगराळे आणले. एका पोराने रांजणातून पाणी काढायचे आणि दुसऱ्याच्या ओंजळीत वरून ओतायचे. आरोग्याच्या दृष्टीने चोख व्यवस्था! तिसऱ्या दिवशी एक म्हातारेबुवा नातवाला न्यायला आले. ते बराच वेळ कट्ट्यावर बसून पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, आमाला बी असंच वरून वतायचे."

मी म्हटले, "आजोबा, इथं सगळ्यांनाच वरून ओततात."

"सगळ्यास्नी?"

"सगळ्यांना."

"आन् तुमाला?"

"मलाही. पोरंच ओततात."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठले, रांजणापाशी गेले, ओंजळ धरली. ओगराळे ज्या पोराच्या हातात होते त्याने पाणी ओतले. पाणी पिऊन त्यांनी ओला हात मिशीवरून फिरवला आणि नातवाला घेऊन ते गेले.

हात तोच, ओगराळे तेच, पाण्याची धारही तीच. मग फरक कशात? मी त्या दिवसापासून याचा पुष्कळ विचार केला. मला वाटते, जो नियम सगळ्यांना एकदम लागतो, नियम करणारालाही लागतो, आणि कारण संपले की संपतो, त्या नियमाने माणूस कमी होत नाही. रोग आजचा असतो, उद्या बरा होतो. विटाळ जन्माचा ठरवलेला असतो. आमच्या शाळेपुरता तो प्रश्न पुढे फारच सोप्या मार्गाने सुटला. एका पालकाने तोटी बसवलेला माठ आणून दिला. ना ओतणारा, ना ओंजळ धरणारा! काही नैतिक प्रश्न पितळेच्या तोटीने सुटतात. विचारवंतांना हे आवडणार नाही, पण तसे आहे खरे.

नेमके ज्ञान आले की माणसाला माणसापासून दूर ठेवण्याची गरज थोडी कमीच होते, असा माझा अनुभव आहे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ आली. आमच्या वर्गातही आली. पोरे जत्रेतले काळे चष्मे लावून बसू लागली आणि फळ्यापुढे उभे राहिल्यावर मला सिनेनटांच्या मेळाव्यात आल्यासारखे वाटे. गमतीची बाब सोडा. पण ज्याचे डोळे आले त्याच्याकडे कुणी पाहीना. 'नजरेला नजर दिली की डोळे येतात' ही समजूत घराघरांत आहे. त्या आठवड्यात एक पोरगा चार दिवस कुणाच्या नजरेला नजर न मिळवता वावरला. वास्तविक डोळे नजरेने येत नाहीत, हाताने येतात. चोळलेल्या डोळ्याचा हात, तोच हात दाराच्या कडीला, टॉवेलला, मित्राच्या बोटांना. आणि तिथून त्याच्या डोळ्याला. हे एकदा कळले की काय करायचे ते स्पष्ट होते : हात धुवा, रुमाल वेगळा ठेवा, आणि मित्राकडे खुशाल बघा. अज्ञानाने पोरांना मित्राकडे पाठ फिरवायला लावली होती आणि हात मात्र तसेच ठेवले होते.

हात धुवा, हे सांगायला सोपे. ऐकून घ्यायला मात्र कठीण. व्हिएन्नाच्या इस्पितळात १८४७ साली सेमेलवाइस या डॉक्टराने आपल्या सहकाऱ्यांना सांगितले, की शवविच्छेदन करून आलेले हात क्लोरीनच्या पाण्यात धुतल्याशिवाय बाळंतिणीला लावू नका. हात धुतले जाऊ लागले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. तरीही पुष्कळ डॉक्टर रागावले. कारण उघड आहे. बाळंतिणीच्या मरणाचे कारण तिची हवा, तिचे नशीब, तिची प्रकृती यांपैकी काहीही चालले असते. ते आपल्याच सुशिक्षित हातावर असावे, हे कसे चालेल? आम्हा शिक्षकांचेही तसेच आहे. पोराने पाटी थुंकीने पुसली की आम्ही ओरडतो. विद्येचा अपमान झाला म्हणतो. आणि मग परीक्षेचे पेपर वाटायला घेतो आणि जिभेला बोट लावून एकेक पान सुटे करतो. चाळीस पाने, चाळीस वेळा बोट. हे दृश्य मी इतक्या शाळांतून पाहिले आहे, की ते शिक्षकी पेशाचे बोधचिन्ह ठरावे. पोरे आमच्या उपदेशाकडे फारशी बघत नाहीत, बोटाकडे बघतात.

परंतु माठाला तोटी बसली, हात धुतले, तरी एक प्रश्न शिल्लक राहतोच, आणि तो मला सगळ्यांत अवघड वाटतो. ताप असलेल्या पोराला घरी ठेवा, असे आम्ही पालकांना सांगतो. घर म्हणजे काय? ज्यांच्या घरी दिवसभर कुणीतरी असते त्यांच्यासाठी हा साधा सल्ला आहे. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बाई शेतात नसेल तर त्या दिवसाचा पैसा नाही. घराला कुलूप असते. एका आईला मी म्हटले, "अगं, पोरीला ताप आहे, आज ठेवायचं ना घरी." ती म्हणाली, "ठिवते की बाई. पर कुणापाशी ठिवू?" तिने पोरीला शाळेत पाठवले ते निष्काळजीपणाने नव्हे. गावात दिवसभर मोठ्या माणसाची नजर असेल आणि दुपारी गरम खिचडी मिळेल, असे एकच ठिकाण तिला माहीत होते, आणि ते शाळा होते. आम्ही मात्र तिला स्वच्छतेचे धडे देत होतो!

मी वस्तीशाळेवर लागले त्या सुमारास मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळे. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारची ती योजना होती : महिन्याला तीन किलो धान्य, पण हजेरी ऐंशी टक्के हवी. पोरे शाळेत यावीत हा हेतू उत्तम; अटही कागदावर वाजवी. पण ज्या घराला तीन किलो तांदळाचे महत्त्व आहे, त्या घरातले पोर गोवर अंगावर घेऊनही येणारच की. पुढे २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेले अन्न द्यावे असे ठरले आणि हळूहळू खिचडी आली. भुकेच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट झाली, यात वाद नाही. पण खिचडी शाळेतच मिळते आणि आजारी पोर घरी असते. म्हणजे ज्या दिवशी त्याला अन्नाची अधिक गरज, नेमक्या त्याच दिवशी ते अन्नाला मुकते. धाकटे भावंड शाळेत असेल तर आम्ही त्याच्या हाती डबा देतो. नसेल तर शेजारचे कुणी. हे नियमात बसते की नाही, हे मी कधी विचारलेले नाही. विचारले की उत्तर येते.

अमेरिकेत मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होती. तिला स्वतःला काही होत नसे, पण तिच्या हातचे खाऊन लोकांना विषमज्वर होई. १९०७ साली तिला धरून न्यूयॉर्कजवळच्या एका बेटावर ठेवले. तीन वर्षांनी, पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडले. तिने धुण्याचे काम धरले. त्यात स्वयंपाकाइतकी मिळकत नव्हती. काही काळाने ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकघरात शिरली, तीही एका प्रसूतिगृहाच्या. तिथे पुन्हा माणसे आजारी पडली. १९१५ साली तिला परत त्याच बेटावर नेले आणि १९३८ साली मरेपर्यंत ती तिथेच राहिली. पुस्तकांतून तिचे नाव अजून कुचेष्टेने घेतात. तिचे वागणे बरोबर होते असे मी म्हणणार नाही. आजारी पडलेल्यांना आणि मेलेल्यांनाही घर होते. तरी मला वाटते, तिच्या हातातला झारा काढून घेणाऱ्यांनी झाऱ्याइतकेच मोलाचे दुसरे काही त्या हातात दिले असते, तर ती पुन्हा चुलीकडे वळली असती का? 'आमच्यासाठी तू दूर राहा' असे ज्याला आपण सांगतो, त्याच्या पोटाची जबाबदारी त्या क्षणापासून आपली होते. ही दया नव्हे. तो आपल्यासाठी काम करतो आहे, त्याची ती मजुरी आहे. दूर राहणे हेही काम आहे. आमच्या हजेरीपटावर मात्र दोनच खुणा आहेत, हजर आणि गैरहजर. 'दुसऱ्यांसाठी घरी राहिला' अशी तिसरी खूण कुणी काढलेली नाही.

२०२० च्या मार्चमध्ये एकदाच असे झाले, की सगळा महाराष्ट्र गैरहजर राहिला आणि गैरहजेरी हे कर्तव्य ठरले. तेव्हा शासनानेही खिचडीचे धान्य घरपोच करण्याची तजवीज केली. म्हणजे मनात आणले तर ते जमते. परंतु त्या काळाची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. आमचे वर्ग पुन्हा भरू लागले ते ४ ऑक्टोबर २०२१ पासून, आणि धाकट्यांचे त्याहूनही नंतर. मधल्या दीड वर्षात दोन मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली ती शाळेकडे वळलीच नाहीत. एका मुलीचे नाव पटावर राहिले आणि ती सासरी गेली. सगळ्यांना घरी बसवले की कुणाचेच नुकसान होत नाही, हा भ्रम आहे. फाटक उघडे ठेवण्याची किंमत असते, तशी बंद ठेवण्याचीही असते, आणि दोन्ही वेळा ती बहुतेक त्याच घरांतून वसूल होते.

लसीचे एवढे अवघड नाही. तिथे माझे मत ठाम आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची लस शाळांतून टोचली, तेव्हा कुणीतरी भलतीच अफवा उठवली आणि तीन घरांनी मुले दडवली. मी तिन्ही घरी जाऊन बसले. चहा झाला, भांडण झाले, दोन मुले आली. २०२२ साली मुंबईत गोवराने लहान मुले दगावली, तेव्हा त्या तिसऱ्या घरची आई आपण होऊन विचारायला आली. तिला मी काही ऐकवले नाही. तारीख सांगितली आणि आरोग्यकेंद्रात पाठवले.

भीतीने माणूस आजार दडवतो, आणि दडवलेला आजार उघड्या आजाराहून लांब जातो. १८९७ साली पुण्यात प्लेगाच्या दिवसांत सोल्जर घरात शिरून रोगी शोधू लागले, तेव्हा लोकांनी रोगी माळ्यावर, कोठीत लपवले. त्याच साली, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका प्लेगाने आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात नेले. १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगाने गेल्या. दरवर्षी ३ जानेवारीला आम्ही त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि पहिल्या शिक्षिका म्हणून भाषणे करतो. भाषणांत शेणमातीचे गोळे येतात, शाळा येतात. हा शेवटचा दिवस क्वचितच येतो. मला तो सगळ्यांत अस्वस्थ करतो. कारण अंतर ठेवा, हे मी वर्षभर शिकवते; आणि ज्यांची मी स्वतःला वारस म्हणवते त्या बाईंनी नेमके अंतर ठेवले नाही. त्या चुकल्या का? हिशेबाने पाहिले तर एका मुलासाठी एक मोलाचा जीव गेला. पण त्या मुलाला उचलणारे दुसरे कुणी तिथे नव्हते. साथीत अंतर ठेवायचे खरे. पण सगळ्यांनीच ठेवले, तर पडलेल्याला उचलायचे कुणी? हा प्रश्न मला फडताळात बंद करून ठेवता येत नाही. तापाने फणफणलेले पोर शाळेच्या ओसरीवर आडवे पडते आणि आईचा फोन लागत नाही, तेव्हा तोंडाला पदर बांधून मी त्याच्या कपाळावर ओली घडी ठेवते. त्या वेळी सावित्रीबाई आठवतात, असे म्हटले तर तो दंभ होईल. आठवते ती त्याची आई, शेतात असलेली.

आणखी एक बाब राहिली. मुलाला घरी कधी पाठवावे, याचे नियम सर्वत्र आहेत; परत कसे घ्यावे, याचा नियम मी कुठे पाहिला नाही. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरली की त्या मुलापासून कुणाला भीती उरत नाही. पण तोंडावर डाग असतात, आणि पोरांची भीती डागांना असते. तीस पावलांवरून पोरे सरकू लागतात. ते पोर मग आपणच दाराशी जाऊन बसते. कुणी सांगावे लागत नाही. हे मी पुष्कळदा पाहिले, आणि म्हणून एक पद्धत ठेवली आहे. आजारातून उठून आलेल्या मुलाकडे पहिल्या दिवशी वह्या वाटायचे काम द्यायचे. म्हणजे त्याचा हात प्रत्येकाच्या वहीला लागतो आणि प्रत्येकाला त्याच्या हातून घ्यावे लागते.

गेल्या महिन्यात चौथीतली एक मुलगी आठ दिवसांनी आली. तिने वह्या वाटल्या. खिडकीजवळच्या पोराने वही घेतली आणि हळूच चड्डीला पुसली. मी पाहिले, तिनेही पाहिले. दुसऱ्या दिवशी वह्या वाटायचे काम मी त्याच्याकडे दिले, आणि मदतीला तिला.